वाफ आमची, कादंबरी त्यांची

सोलापुरी चादरीवर फूल उमटतं ते भोकांमुळे. जॅकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. पट्टीत भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा जागेवरच राहतो. जाकारने हा माग फ्रान्समध्ये 1804च्या सुमारास बसवला. पुढे लंडनच्या चार्ल्स बॅबेजने याच पट्ट्या आकडेमोडीच्या यंत्राला लावायचं ठरवलं. ते यंत्र त्याच्या हातून पुरं झालंच नाही. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांनी 1990 साली ‘द डिफरन्स इंजिन’ ही कादंबरी लिहिली ती एवढ्याच एका ‘जर’वर: बॅबेजचं यंत्र चाललं असतं तर? मग व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमध्ये वाफेवर चालणारे संगणक येतात, आणि माणसांच्या नोंदी भोकांच्या पट्ट्यांवर साठवल्या जातात. विणकराच्या घरातल्या वाचकाला त्यातलं निम्मं समजावून सांगावं लागणार नाही.

या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. नाव पडलं ते थट्टेत. टिम पॉवर्स, जेम्स ब्लेलॉक आणि के. डब्ल्यू. जेटर हे तिघे मित्र व्हिक्टोरियन काळात घडणाऱ्या अद्भुत कादंबऱ्या लिहीत होते. त्या काळी संगणकी भविष्याच्या ‘सायबरपंक’ कथांचा बोलबाला होता, तेव्हा 1987 साली जेटरने ‘लोकस’ मासिकाला पत्र पाठवून आपल्या टोळीसाठी हा शब्द सुचवला. थट्टा टिकली. गेल्या वीसेक वर्षांत तर या कादंबऱ्यांचा पूर आला: विमानांच्या जागी हवाई जहाजं, पितळी दंतचक्रं, धुकं, गॅसबत्त्या आणि चामडी पट्ट्यांचे चष्मे घातलेल्या धाडसी बायका. यातल्या बऱ्याच कादंबऱ्या म्हणजे वेशभूषा स्पर्धा आहेत, असं माझं मत. इंजिन चकाकतं, पण भट्टीत कोळसा कोण टाकतो हे तीनशे पानांत कळत नाही. गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाची पहाट ठरायची, त्या सोलापुरात हा प्रश्न आधी सुचतो.

सन्माननीय अपवाद आहेत. फिलिप रीव्हच्या ‘मॉर्टल एंजिन्स’मध्ये (2001) चाकांवरचं लंडन शहर लहान गावांचा पाठलाग करून त्यांना गिळतं. गोष्ट मुलांसाठी आहे, पण साम्राज्य कसं चालतं हे इतक्या थोडक्यात सांगणारं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. चायना मिएव्हिल त्याच्याही पुढे जातो. त्याच्या ‘आयर्न कौन्सिल’मध्ये (2004) रेल्वेचे मजूर बंड करून गाडीच ताब्यात घेतात आणि मागचे रूळ उखडून पुढे टाकत चालू लागतात. हे वाचताना मला आपला भोर घाट आठवला. 1859च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तिथल्या मजुरांनी दंगा केला होता. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. घाट 1863 साली खुला झाला. पितळी चष्म्याविनाही नायिका मिळते ती अशी.

हिंदुस्थान या कादंबऱ्यांत पहिल्यापासून आहे. ज्यूल व्हर्नच्या 1880च्या ‘वाफेच्या घरा’त पोलादी हत्ती दोन फिरती घरं ओढत उत्तर हिंदुस्थान पालथा घालतो, आणि पाठीमागे सूडाचं सूत्र आहे ते नानासाहेब पेशव्यांचं. व्हर्नचा कॅप्टन नेमोही ‘गूढ बेटा’त बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर निघतो, सत्तावनच्या बंडात लढलेला. मायकेल मूरकॉकच्या 1971च्या ‘द वॉरलॉर्ड ऑफ द एअर’मध्ये 1973 साल उजाडलं तरी इंग्रजांचं राज्य शाबूत असतं आणि त्याची हवाई जहाजं डोक्यावर फिरत असतात. म्हणजे आमचं बंड, आमचा पेशवा, आमची गुलामी, आणि कल्पना करणारे दुसरेच.

मराठीला व्हिक्टोरियन लंडनचं वावडं कधीच नव्हतं. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या लंडन-रहस्यांवर इथे पिढी पोसली. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्याच आधाराने उभी राहिली. व्हर्न ‘केरळकोकिळ’मधून आला आणि पुढे भा. रा. भागवतांनी तो मुलांच्या हाती दिला. पण स्वतःचं अद्भुत लिहायची वेळ आली की आमचा लेखक किल्ल्यात, भुयारात शिरला. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ची मोहिनी मी नाकारत नाही, पण तिथे यंत्र नाही. नारायण धारपांनी भय वाड्यात कोंडलं. यंत्र आमच्या लेखकाला अद्भुत वाटलंच नाही, कारण ते साहेबाचं होतं आणि त्याच्याकडे पाळीवर जायचं होतं. गिरणी आली ती वास्तववादात: चाळ, संप, टीबी. ते साहित्य मोठं आहेच. पण त्यामुळे वाफेचं स्वप्न पाहायचं राहून गेलं.

याला छेद देणारी एकच कथा मला भक्कम वाटते: जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पानिपतावर गोळी विश्वासरावांना लागत नाही, मराठे जिंकतात आणि कंपनीचं राज्य मुंबईसारख्या तुकड्यांपुरतं उरतं. प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने निघतात आणि सरहद्द नावाच्या स्टेशनावर त्यांचा परवाना तपासला जातो. घाटाखाली उतरताच परमुलूख! हा एक तपशील मूरकॉकच्या सगळ्या हवाई जहाजांवर भारी आहे. दुखणं पुढे आहे. नारळीकरांतला शास्त्रज्ञ फार वेळ गप्प बसत नाही. हे कसं झालं याचा खुलासा मिळतो आणि ते जग मिटतं. तिथले कारखाने कोणाचे, पेशवाईत जातीचं काय झालं, गिरणीत कोण राबतं, हे विचारायला कादंबरी हवी होती. ती कुणी लिहिली नाही.

सामग्रीची वाण नाही. 1860 साली आगगाडी सोलापूरला पोचली तेव्हा घाट पुरा व्हायचा होता. मुंबईहून निघालेला उतारू खोपोलीला उतरे, पालखीतून खंडाळा चढे आणि वर पुन्हा गाडीत बसे. दोन वाफेच्या इंजिनांमध्ये भोयांचे खांदे! बार्शी लाइट रेल्वे घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने 1897 साली अडीच फुटी रुळांवर ती चालवली, 1906 साली ती पंढरपूरला पोचली आणि विठोबाचे वारकरी तिच्यात दाटीवाटीने बसू लागले. हाच कॅलथ्रॉप पुढे पॅराशूटच्या नादाला लागला, कारण त्याचा मित्र चार्ल्स रोल्स 1910 साली विमान कोसळून मेला होता. त्याने छत्री बनवली. नाव ‘गार्डियन एंजल’, रक्षक देवदूत. महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना मात्र ती मिळाली नाही.

आणि सोलापूरचा मे 1930. आठ तारखेच्या गोळीबारानंतर पोलिस शहरातून निघून गेले आणि बाराला मार्शल लॉ लागला. मधले दिवस सोलापूर स्वतंत्र होतं, असं गावातली माणसं अजून सांगतात. पुढचा मार्शल लॉ, जानेवारी 1931मधल्या चार फाशा, हा इतिहास पाठ आहे. पण त्याच दिवसांत एक ‘जर’ पडून आहे, बॅबेजच्या यंत्राइतकाच नेमका. मी त्या कादंबरीचं पहिलं पान असं पाहतो: तेरा मेची पहाट, लष्कर आलेलं नाही, गिरणीच्या बॉयलरला कामगारांनीच जाळ घातलाय, आणि भोंगा किती वाजता द्यायचा यावरून आत तेलुगू, कन्नड आणि मराठीत कडाक्याचं भांडण चाललंय.