‘गीतरामायणा’चे ध्वनिमुद्रण : एका आवाजाचे यश आणि अनेक आवाजांचे विस्मरण

मराठी भावसंगीतातील सुधीर फडके (१९१९–२००२) यांचे स्थान निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या सर्वाधिक लोकप्रिय कृतीची, म्हणजे ‘गीतरामायणा’ची, चर्चा बहुधा ग. दि. माडगूळकरांचे काव्य आणि फडके यांच्या चाली या दोनच अंगांनी होते. ही कृती श्रोत्यांपर्यंत कोणत्या ध्वनिमुद्रणातून पोहोचली, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात तर तो टाळता येण्याजोगा नाही.

सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून साकारलेली ही मालिका पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस सुरू झाली. अधिक मासामुळे गीतांची संख्या बावन्नावरून छप्पन्नावर गेली. मूळ प्रसारणात पात्रांनुसार गायक बदलत. फडके यांच्यासह माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, मालती पांडे असे अनेक आवाज त्यात होते. थोडक्यात, ते एक श्राव्य संगीतनाट्यच होते.

त्या वर्षी नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हे दोन्ही हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा मालिका संपून सहा महिने उलटले होते. परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ मधले. त्यामुळे येथील बहुसंख्य श्रोत्यांना ‘गीतरामायण’ भेटले ते पुढे एच.एम.व्ही.ने काढलेल्या ध्वनिमुद्रिकांतून व नंतर कॅसेटमधून, म्हणजे केवळ फडके यांच्या आवाजात, असे मानण्यास जागा आहे.

या एकल आवाजाने कृतीचे स्वरूपच बदलले. नाट्याचे आख्यान झाले. कीर्तनकार जसा एकटाच दशरथही होतो आणि कैकेयीही, तसे फडके येथे सर्व पात्रे गातात. कुश-लवांनी कथा गाण्याच्या मूळ कल्पनेशी हे सुसंगतही आहे. मराठवाड्याच्या कीर्तनपरंपरेत वाढलेल्या कानाला ते परके वाटले नसावे. राम भरताची समजूत घालतो त्या गीतात ही पद्धत सर्वाधिक फळते. यमन कल्याणातील तीच चाल कडव्यामागून कडवे पुन्हा येते. फडके ती कोठेही तानांनी सजवत नाहीत, शब्दाचा अर्थ मात्र दर वेळी नव्याने उमटतो. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत हा विस्तार मावला नसता. दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेचे हे ऋण मान्य केले पाहिजे.

पण सीतेच्या गीतांत हीच पद्धत उणी पडते. परित्यक्ता सीता लक्ष्मणाला जाब विचारते तेथे फडके यांचा आवाज करुणेने ओथंबतो. परंतु ती करुणा निवेदकाची असते, सीतेची नव्हे. ज्याने नुकतेच रामाचे मन मांडले तोच आवाज आता रामाविरुद्धची तक्रार मांडतो, आणि त्या तक्रारीची धार बोथट होते. मूळ प्रसारणात ही गीते स्त्रीच्या कंठातून आली होती. हा केवळ स्वरपट्टीचा फरक नव्हे, काव्यार्थाचा आहे.

पुनर्प्रकाशनांनी ही उणीव आणखी वाढवली. निवडक गीतांच्या संचांत लोकप्रिय गीते राहिली, कथेचे दुवे गळाले. भूपातील आरंभ आणि भैरवीतील समाप्ती यांमधला रागांचा प्रवास सुट्या गीतांतून जाणवत नाही. मोबाइलवर तर वनवासाआधीच भरतभेट ऐकू येऊ शकते! व्यावसायिक संस्थेने खपाचा विचार करावा हे समजण्याजोगे आहे. परंतु माडगूळकरांची संहिता १९५७ पासून ग्रंथरूपाने क्रमवार उपलब्ध असताना ध्वनिरूपाला तेवढाही न्याय मिळू नये, हे आश्चर्यकारक आहे. यापुढील कोणत्याही संचात छप्पन्न गीतांचा क्रम अखंड ठेवून प्रत्येक गीतापुढे १९५५-५६ मधील मूळ गायकाचे नाव दिले गेले, तर माणिक वर्मांची सीता निदान नावाने तरी नांदेड-लातूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचेल.