‘स्पेक ऑप्स : द लाइन’ : सत्ताभ्रम आणि खेळाडूचे उत्तरदायित्व

व्हिडिओ गेममधील हिंसेची चर्चा बहुधा ‘त्यामुळे मुले बिघडतात काय’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रद्द ठरविला, तेव्हाही वाद अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता. हिंसेतून खेळाडूला लाभणाऱ्या आनंदाचे नैतिक स्वरूप कोणते, हा प्रश्न मागेच राहिला.

‘यागर डेव्हलपमेंट’ या जर्मन संस्थेचा ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ (२०१२) नेमका तोच प्रश्न उपस्थित करतो. वाळूच्या वादळांनी गाडलेल्या दुबईत कॅप्टन वॉकर दोन सहकाऱ्यांसह शिरतो. जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’चा संस्कार उघड आहे, ज्याच्या शोधात तो निघतो त्या कर्नलचे नावही कोनराडच. आरंभी हा गेम कोणत्याही युद्धगेमसारखा भासतो. तसा भासणे ही त्याची गरजच आहे, कारण खेळाडू सरावाच्या सत्ताभ्रमात निश्चिंत झाल्याखेरीज पुढचा आघात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

तो आघात म्हणजे पांढऱ्या फॉस्फरसचा प्रसंग. पडद्यावरील ठिपक्यांसारख्या आकृत्यांवर खेळाडू मारा करतो आणि त्याच पडद्याच्या काचेत वॉकरचा चेहरा उमटत राहतो. नंतर त्याला होरपळलेल्यांमधून पायी जावे लागते; मृतांत आश्रयाला आलेले नागरिक आढळतात. अंतराचा व यंत्राचा आडपडदा हिंसेला किती सुसह्य करतो, याचा असा प्रत्यय या माध्यमात विरळाच.

तथापि आक्षेपाची जागाही हीच. हा मारा टाळण्याचा मार्ग गेम ठेवतच नाही. बंदुकीने झुंजू पाहणाऱ्याला पुढे सरकता येत नाही. मग अपराध खेळाडूचा कसा? गेम बंद करणे हाही पर्यायच होता, असा बचाव केला जातो. तो मान्य केल्यास कादंबरी अर्धवट मिटणाऱ्या प्रत्येक वाचकाला सदाचारी म्हणावे लागेल!

उत्तरार्धातील जमावाचा प्रसंग मात्र याहून कितीतरी सरस आहे. जमावाने सहकारी लुगो याला फासावर लटकविलेले असते. हवेत गोळी झाडली तरी लोक पांगतात. पण गेम तसे सुचवीत नाही, आणि माणसावर नेम धरण्याची सवय जडलेल्या हाताला ते सुचेलच असे नाही. येथील कृत्य खेळाडूचे स्वतःचे असते. पुढचा भाग सुरू होण्यापूर्वी पडद्यावर झळकणारे, खेळाडूला टोचणारे प्रश्न या प्रसंगानंतर सार्थ ठरतात. फॉस्फरसनंतर मात्र रचनाकारांनी आपलाच निर्णय त्याच्या माथी मारल्यासारखे वाटते.