ॲरिस्टॉटलचा पूर्वपक्ष : ग्रीक नगरराज्य, नागरिक आणि दास

आपल्या वैचारिक लेखनात प्राचीन ग्रीसचा उल्लेख मुख्यत्वे दोन संदर्भांत येतो. लोकशाहीचा इतिहास सांगताना अथेन्सचे नाव घेतले जाते आणि चातुर्वर्ण्याचे खंडन करताना मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्ताचा दाखला दिला जातो. यवन व कंबोज जनपदांत अय्य आणि दास असे दोनच वर्ण असून अय्याचा दास व दासाचा अय्य होतो, हे त्या सुत्तातील विधान सर्वश्रुत आहे. हे दोन उल्लेख एकत्र आले की वाचकाच्या मनात एक सुखद चित्र उभे राहते : जेथे वर्णव्यवस्था नव्हती तेथे लोकशाही नांदत होती. हे चित्र ग्रीक ग्रंथांच्या कसोटीवर कितपत उतरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी ‘अथेन्सची राज्यघटना’ आणि ॲरिस्टॉटलचा ‘पॉलिटिक्स’ हे दोन ग्रंथ प्रमाण मानले आहेत.

यांपैकी पहिला ग्रंथ अनेक शतके लुप्त होता. ॲरिस्टॉटलच्या विद्यालयात १५८ राज्यघटनांचे संकलन झाले होते, हे ज्ञात होते. इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवरून अथेन्सविषयीचा भाग ब्रिटिश म्युझियमच्या फ्रेडरिक केनयन यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. एका शेतीच्या हिशेबाच्या कागदांच्या पाठीमागे कोणीतरी तो नकलून ठेवला होता. तो स्वतः ॲरिस्टॉटलने लिहिला की त्याच्या शिष्याने, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, परंतु इ. स. पू. चौथ्या शतकातील अथेन्सचा कारभार प्रत्यक्ष कसा चाले, याचे इतके तपशीलवार वर्णन अन्यत्र मिळत नाही.

त्या वर्णनातून दिसणारी यंत्रणा खरोखर थक्क करणारी आहे. इ. स. पू. ५०८-५०७ मध्ये क्लिस्थेनिसने जुन्या कुलगटांचे महत्त्व कमी करून नागरिकांची दहा नव्या गटांत विभागणी केली. प्रत्येक गटातून ५० याप्रमाणे ५०० जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई आणि एका व्यक्तीला आयुष्यात दोनदाच त्या मंडळावर बसता येई. नागरिकांची सभा वर्षातून ४० वेळा भरे. न्यायदानासाठी तीस वर्षांवरील ६,००० नागरिकांची दरवर्षी सोडतीने निवड होई. गरिबालाही न्यायासनावर बसता यावे म्हणून पेरिक्लीजच्या काळात दोन ओबोल भत्ता सुरू झाला. पुढे तो तीन ओबोल झाला. अधिकारपद स्वीकारण्यापूर्वी पात्रतेची तपासणी आणि पद सोडताना हिशेब देणे बंधनकारक होते. सेनापतींसारखी थोडी पदे तेवढी हात उंचावून निवडणुकीने भरली जात. ॲरिस्टॉटलच्या मते सोडत हे लोकशाहीचे लक्षण, तर निवडणूक हे अल्पजनसत्तेचे. निवडणुकीलाच लोकशाहीचे सर्वस्व मानणाऱ्या आपल्या काळाने या मताचा शांतपणे विचार केला पाहिजे. जो निवडून येतो तो बहुधा आधीच नामवंत, श्रीमंत किंवा कुलीन असतो, हे अथेन्सच्या सामान्य माणसाने ओळखले होते.

परंतु या सभेच्या दाराशी कोण अडत होते? इ. स. पू. ४५१-४५० मध्ये पेरिक्लीजच्याच प्रस्तावाने असा कायदा झाला की, ज्याचे आई व वडील दोघेही नागरिक कुळातील असतील तोच नागरिक. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या गावाचे सभासद त्याचे वय व जन्म तपासत. तो स्वतंत्र जन्माचा नाही असे ठरले तर त्याला न्यायालयात दाद मागता येई. तेथेही तो हरला तर राज्य त्याला दास म्हणून विकून टाकी. ‘अथेन्सची राज्यघटना’ हा नियम अत्यंत निर्विकारपणे नोंदवते. सोडत कशी काढावी हे ज्या संथ स्वरात सांगितले, त्याच स्वरात माणूस कधी विकावा हेही सांगितले आहे. ग्रंथकाराला येथे काही विसंगती जाणवली, असे एका शब्दावरूनही दिसत नाही.

स्त्रियांना सभेत स्थान नव्हते. मेटिक म्हणून ओळखले जाणारे परके रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहत, लष्करात सेवा करत, पुरुषामागे वर्षाला १२ ड्रॅक्मा कर भरत. तरीही त्यांना मत नव्हते. त्यांच्याही खाली दास. निकिअस या धनिकाने लॉरियनच्या चांदीच्या खाणीसाठी एक हजार दास, दर माणशी रोज एक ओबोल या दराने, भाड्याने दिले होते, असे झेनोफन सांगतो. न्यायालयात दासाची साक्ष ग्राह्य धरायची तर ती यातना देऊन घेतलेली असावी, असा दंडक होता. इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाने डेकेलिया येथे तळ ठोकला, तेव्हा अथेन्सचे वीस हजारांहून अधिक दास पळून गेले, अशी थ्युसिडिडीजची नोंद आहे. अथेन्सच्या राज्यपद्धतीविषयी दासांचे मत काय होते, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. ते या आकड्यात आहे.

स्पार्टाची रचना निराळी होती. तेथे दोन राजे, साठ वर्षांवरील २८ जणांचे वृद्धमंडळ आणि दरवर्षी निवडले जाणारे पाच एफोर होते. या साऱ्या डोलाऱ्याखाली जमीन कसणारे हेलॉट होते आणि एफोर पदावर येताच त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारीत, जेणेकरून हेलॉटाचा वध केल्यास पाप लागू नये. शासनपद्धतीच्या बाबतीत अथेन्स आणि स्पार्टा दोन टोकांना होते. मात्र राबणाऱ्या माणसाला राज्याबाहेर ठेवण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत होते.

या वस्तुस्थितीला तत्त्वज्ञानाचा आधार देण्याचा प्रयत्न ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात केला आहे. काही माणसे निसर्गतःच शासन करण्यासाठी आणि काही निसर्गतःच दास्यासाठी जन्मतात, असा त्याचा सिद्धान्त आहे. दास हे धन्याचे सजीव साधन होय, असे तो मानतो. हा सिद्धान्त नाकारणे आज सोपे आहे. समीक्षकाचे खरे काम, तो सिद्धान्त त्याच ग्रंथात कोठे कोठे तडकतो, हे दाखविण्याचे आहे.

पहिला तडा लगेच पडतो. स्वतंत्र मनुष्य आणि दास यांची शरीरे निराळी घडविण्याची निसर्गाची इच्छा असते, परंतु अनेकदा उलटेच घडते, अशी कबुली ॲरिस्टॉटल देतो. ज्या भेदाची खूण निसर्गालाच नीट उमटवता येत नाही, तो भेद माणसांनी ओळखावा कसा? दुसरा तडा सातव्या भागात आहे. सर्व दासांपुढे मुक्ततेचे पारितोषिक ठेवणे हिताचे आहे, त्याचे कारण पुढे सांगू, असे तो म्हणतो आणि ते कारण ग्रंथात कोठेही सांगत नाही. जो निसर्गतःच दास आहे त्याला मुक्ती हे पारितोषिक कसे ठरेल? तिसरी गोष्ट ग्रंथाबाहेरची आहे. डायोजिनीस लाएर्शियसने नोंदविलेल्या मृत्युपत्रानुसार ॲरिस्टॉटलने आपल्या काही दासांना मुक्त करण्याची आणि सेवेतील मुलांना न विकण्याची तरतूद केली होती. शिवाय स्टॅगिरा येथे जन्मलेला हा तत्त्ववेत्ता अथेन्समध्ये स्वतः मेटिक होता. नागरिक म्हणजे न्यायदानात आणि अधिकारात सहभागी होणारा, अशी व्याख्या करणाऱ्याला त्या नगरात स्वतःला तो सहभाग नव्हता.

भारतीय शास्त्रपरंपरेत प्रतिपक्षाचे मत आधी मांडण्याची पद्धत आहे. त्याला आपण पूर्वपक्ष म्हणतो. पूर्वपक्षाचे मूळ ग्रंथ नष्ट झाले तरी खंडनकर्त्याच्या ग्रंथात ते मत जिवंत राहते. ‘पॉलिटिक्स’चे मोठे मोल मला या ठिकाणी दिसते. दास आणि स्वतंत्र हा भेद केवळ रूढीने निर्माण केलेला आहे, निसर्गात तो नाही आणि बळावर आधारलेला असल्यामुळे तो न्याय्य नाही, असे म्हणणारे लोक होते, हे ॲरिस्टॉटल स्वतःच नमूद करतो. सभेत बेकायदा ठराव मांडणाऱ्या वक्त्यावर जसा खटला भरावा, तसा हे लोक युद्धकैद्याला दास करणाऱ्या नियमावर आरोप ठेवतात, असेही तो सांगतो. ही उपमा लक्षणीय आहे. लोकशाहीने घडविलेले हत्यार दास्याच्या विरोधात उचलले जात होते.

या लोकांची नावे तो येथे देत नाही. मात्र ‘ऱ्हेटोरिक’ या आपल्या दुसऱ्या ग्रंथात तो अल्किडामस या वक्त्याच्या मेसेनियाविषयक भाषणाचा उल्लेख करतो. हस्तलिखितांत अल्किडामसचे शब्दच गळाले आहेत. ते एका टीकाकाराने जपून ठेवले. ईश्वराने सर्वांना स्वतंत्र सोडले आणि निसर्गाने कोणालाही दास केले नाही, असा त्यांचा आशय आहे. मूळ ग्रंथातील त्रुटी अट्ठकथेच्या आधारे भरून काढण्याची सवय असलेल्या पालीच्या अभ्यासकाला या प्रकारात नवल वाटणार नाही. इ. स. पू. ३६९ च्या सुमारास इपामिनॉन्डसने मेसेनियाच्या हेलॉटांना स्पार्टाच्या दास्यातून मुक्त केले, ही त्या भाषणाची पार्श्वभूमी होती. ‘त्या काळी सर्वच जण असे मानीत’ हा बचाव येथे कोसळतो. सर्वच जण तसे मानीत नव्हते. ॲरिस्टॉटलला दुसरे मत ठाऊक होते आणि त्याने विचारपूर्वक ते नाकारले.

आता अस्सलायन सुत्ताकडे वळू. ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात नागरिकत्व जन्मावर ठरविण्यातील अडचण ॲरिस्टॉटल दाखवितो. आईबाप नागरिक असावेत असे म्हटले, तर त्यांचे आजे-पणजे नागरिक होते कशावरून? नगराच्या संस्थापकांना तर ही व्याख्या लागूच पडणार नाही. क्लिस्थेनिसने अनेक परक्यांना आणि दासांनाही नागरिक करून घेतले होते, याचीही तो आठवण देतो. अस्सलायन सुत्तात असित देवल सात ब्राह्मण ऋषींना हाच प्रश्न विचारतो : आपल्या आईच्या व वडिलांच्या सात पिढ्यांत केवळ ब्राह्मणांशीच संबंध आला, हे आपणांस ठाऊक आहे काय? दोन्ही ग्रंथांत वंशाची साखळी मागे मागे नेली आहे आणि दोन्हीकडे ती अज्ञातात तुटते. सुत्त त्यावरून जन्मश्रेष्ठत्वाचा दावाच फोल ठरविते. ॲरिस्टॉटल नागरिकाची व्याख्या कार्यावरून करतो खरा, परंतु आदर्श नगरात कारागिराला नागरिक करू नये, असे म्हणून ते दार पुन्हा लावून घेतो.

तथापि, सुत्तातील यवनांचा उल्लेख ग्रीक समाजाची प्रशंसा म्हणून वाचणे योग्य नाही. कंबोजांच्या जोडीने आलेले ते यवन वायव्य सीमेवरचे होत, अथेन्सचे नव्हेत. शिवाय तेथे तथागतांचा युक्तिवाद एवढाच आहे की, चार वर्ण सर्वत्र नाहीत, म्हणून ते निसर्गसिद्ध नाहीत. अथेन्समध्ये मुक्त झालेला दास अय्य होत नसे. तो मेटिक होई आणि बहुधा पूर्वीच्या धन्यालाच त्याला आश्रयदाता करावे लागे. दासाचा पेढीवाला व पुढे नागरिक झालेला पासिओन हा अपवाद होता. इ. स. पू. ३३८ मध्ये केरोनियाच्या पराभवानंतर दासांना मुक्त करण्याचा आणि मेटिकांना नागरिकत्व देण्याचा ठराव हायपरायडिसने मांडला, तेव्हा त्याच्यावर बेकायदा ठरावाचा खटला झाला. तो निर्दोष सुटला. ठराव मात्र अंमलात आला नाही.

ही कसोटी आपण स्वतःच्या परंपरेलाही लावली पाहिजे, अन्यथा ती समीक्षा न राहता वकिली होईल. सामञ्ञफल सुत्तात प्रव्रजित झालेल्या दासाला राजा अजातसत्तू परत दास्यात ओढू इच्छित नाही, उलट त्याला वंदन करतो. परंतु महावग्गात, एका पळून आलेल्या दासाच्या प्रकरणानंतर, दासाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियमही आहे. धम्माचे तत्त्व आणि भोवतालच्या समाजाचा दाब यांतील ओढाताण येथेही दिसते. ती झाकण्याने तत्त्वाचे तेज वाढत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात प्लेटोच्या वर्गरचनेवर टीका करताना, माणसांना मोजक्या साच्यांत कोंबता येत नाही, कारण प्रत्येक व्यक्ती अनन्य असते, असा आक्षेप घेतला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा दिला. अथेन्स हे त्या इशाऱ्याचे प्राचीन उदाहरण होय. तेथे सोडत होती, भत्ता होता, हिशेबाची सक्ती होती. यातील पुष्कळ गोष्टी आजही शिकण्याजोग्या आहेत. पण सभेतील समता घरात, शेतात आणि खाणीत पोहोचली नाही.

म्हणून ग्रीक नगरराज्यांचा दाखला देताना केवळ सभेत कोण बोलले, एवढेच पाहून चालणार नाही. सभा चालू असताना खाणीत कोण होते आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याचे शब्द कोणाच्या हस्तलिखितातून गळाले, हेही विचारले पाहिजे. अल्किडामसचे हे वाक्य आपल्यापर्यंत आले. तेवढ्याने ॲरिस्टॉटलचा सिद्धान्त त्याच्याच काळात वादग्रस्त होता, हे सिद्ध होते.