पंच्याण्णव टक्के, पण कशाच्या तुलनेत?

विद्यार्थ्याने प्रयोगवहीत एखादे माप लिहून आणले की आपण विचारतो, ‘हे कशाने मोजलेस?’ हाच प्रश्न सरकारी अहवालांनाही विचारायला हवा. ऑगस्ट २०१५ मध्ये ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या संस्थेने जाहीर केले की, ई-सिगारेट ही साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. हा आकडा पाहता पाहता जगभर पसरला. जाहिरातदारांनी तो उचलला आणि विरोधकांनी झिडकारला. तो आला कोठून, हे मात्र फारच थोड्यांनी पाहिले.

मूळ कल्पना शास्त्राला धरून आहे. सिगारेटमध्ये तंबाखू जळते. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हे त्या ज्वलनातून निर्माण होतात. निकोटीन व्यसन लावते, पण कर्करोगाचे मुख्य कारण ते नव्हे. ई-सिगारेटमध्ये काहीच जळत नाही. बॅटरीवर तापणारी तार निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ करते. तेव्हा अपाय कमी असणार, हा तर्क योग्यच आहे.

पण ‘कमी’ म्हणजे ९५ टक्के कमी, हे कसे ठरले? या आकड्याचा मुख्य आधार होता २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध. तज्ज्ञांच्या एका गटाने एकत्र बसून निकोटीनच्या १२ प्रकारच्या उत्पादनांना १४ निकषांवर गुण दिले. सिगारेटला १०० धरले, तर ई-सिगारेटला सुमारे ४ गुण पडले. म्हणजे हे मोजमाप नव्हते, जाणकारांचा अंदाज होता. बहुतेक निकषांवर ठोस पुरावा नाही, हे लेखकांनी निबंधातच मान्य केले होते. ही वस्तू बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती आणि धूम्रपानाचा कर्करोग दिसायला काही दशके लागतात. ‘लॅन्सेट’ने त्याच महिन्यात संपादकीय लिहून या आधारावर कठोर टीका केली, ती रास्त होती.

म्हणून अंदाज खोटा ठरतो असे नाही. धूम्रपान पूर्ण सोडून ई-सिगारेटकडे वळलेल्यांच्या लघवीत तंबाखूतील कर्कजनक द्रव्यांचे अंश बरेच कमी आढळतात. दिशा बरोबर होती, पण अचूकता उसनी होती. २०२२ च्या इंग्लंडमधील अहवालाने अल्प आणि मध्यम मुदतीत हा धोका धूम्रपानाच्या लहानशा अंशाइतका आहे, असे म्हटले. मुदत सांगणारी ही भाषा पहिल्यापासून वापरायला हवी होती.

‘कमी घातक’ आणि ‘सवय सोडवणारी’ हे दोन वेगळे दावे आहेत. दुसऱ्याची चांगली तपासणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील ८८६ धूम्रपान करणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला ई-सिगारेट दिली, तर दुसऱ्याला निकोटीनचे पट्टे, च्युइंगगम इत्यादी. दोन्ही गटांना समुपदेशनही मिळाले. वर्षानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले पहिल्या गटात १८ टक्के होते, दुसऱ्यात ९.९ टक्के. फरक मोठा आहे. पण पहिल्या गटातील या यशस्वी लोकांपैकी ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. सिगारेट सुटली, निकोटीन सुटले नाही. शिवाय हे यश सल्ल्यासह मिळालेले आहे. दुकानातून आणून स्वतःच ओढणाऱ्याला तेवढेच मिळेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

नियमनाचा विचार येथून सुरू व्हावा. ब्रिटनने विक्री चालू ठेवून २०१६ पासून द्रवातील निकोटीनवर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटी जून २०२५ पासून बंद केल्या. भारताने २०१९ साली उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर सरसकट बंदी घातली. विडी-सिगारेट मात्र टपरीवर मिळतच राहिली. जास्त घातक वस्तू खुली आणि कमी घातक वस्तू गुन्हा, ही विसंगती नाकारता येणार नाही. पण ब्रिटनचे गणित जसेच्या तसे इथे उचलताही येणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्याकडचे १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २१.४ टक्के धूररहित तंबाखू वापरणारे आढळले. चुना लावून तंबाखू मळणाऱ्याला किंवा मिश्री लावणारीला ज्वलन टाळण्याचा काय फायदा?

वर्गात हा विषय निघाला तर ‘सारे विषच’ म्हणून तो मिटवू नये. मुलांना पुढे ९५ टक्क्यांचा आकडा सापडेल आणि आपला शब्द खोटा वाटेल. त्याऐवजी फळ्यावर एकच प्रश्न लिहावा : कशाच्या तुलनेत? वीस वर्षे विड्या ओढणाऱ्या माणसाची तुलना विडीच्या धुराशी आहे. पंधरा वर्षांच्या मुलाची तुलना स्वच्छ हवेशी आहे. त्याच्यासाठी तो आकडा मांडलेलाच नव्हता.