भरले ताट आणि आई

माझी शाळा साताऱ्याला, घर सांगलीला. दिवाळीची सुट्टी लागली की मी घरची वाट धरतो. गेल्या दिवाळीत ओळखीच्या एक वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या. ताट खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, तुमची कादंबरी वाचली. त्यातली मुलगी जेवेनाशी होते आणि शेवटी सारा दोष आईच्या पदरात पडतो. आमची धाकटी आठ महिने धड जेवत नाही. माझ्यावरच लिहिलंत का हो?"

मी निरुत्तर झालो. कादंबरी त्यांच्यावर नव्हती. परंतु त्यांचे दुखणे ठाऊक नसताना निकाल मात्र मी देऊन बसलो होतो. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. लेख टीकेचा आहे, आणि पहिला आरोपी मीच आहे.

आमच्या वाङ्मयात आई आणि अन्न ही जोडी अभंग आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' घ्या. तीत अळणी भाजीची गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. घरची मंडळी अवाक्षर न काढता जेवतात. सर्वांच्या मागून जेवायला बसलेल्या आईला चूक कळते आणि ती खंतावते. वडिलांच्या संयमाचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. परंतु त्या खंतीकडेही पाहावे. ताटातले उणे ते आपले उणे, असे त्या माउलीने किती सहज मानले! गुरुजींनी तिला दोष दिला नाही. तो तिने स्वतःच घेतला. मागून आलेल्या आम्ही मात्र त्या खंतीचा नियम केला : मूल जेवले तर आई चांगली, न जेवले तर कुठेतरी चुकलेली. रिकाम्या ताटाचे दुःख मराठीने पुष्कळ रंगविले. भरल्या ताटापुढे बसून जिला घास उचलवत नाही, ती मुलगी मात्र आम्हांला हट्टी, लाडावलेली वाटते.

मी मॅट्रिक झालेला माणूस. वैद्यक माझा विषय नव्हे. पण वहिनींनी विचारल्यावर वाचणे भाग पडले. १८७३ साली पॅरिसला लासेग आणि लंडनला विल्यम गल यांनी या दुखण्याचे वर्णन केले. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांचे. अशा रोग्याच्या शुश्रूषेला आप्तइष्ट हे सहसा सर्वांत अयोग्य, असेही तेच सांगून गेले. पुढे कित्येक वर्षे मानसवैद्यांचे बोट आईकडेच वळत राहिले. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. म्हणजे उपासमारच मनाला वेढा घालते. त्याला हट्ट म्हणून कसे चालेल? आणि १९८७ साली लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील डॉक्टरांनी दाखवून दिले, की दुखणे लहान वयात जडलेले आणि फार जुने न झालेले असेल, तर एकट्या रोग्याशी बोलण्यापेक्षा आईबापांना हाताशी धरून केलेला उपचार अधिक लागू पडतो. जिला वैद्यकाने दाराबाहेर काढले होते, तिलाच त्याने सन्मानाने आत बोलाविले. आम्ही लेखक अजून दारातच उभे आहोत.

माझ्या कादंबरीतली ती चाळीस पाने मी पुन्हा वाचली. त्यांत आई एकदाही झोपत नाही. पण का झोपत नाही, हे मी कोठेही विचारलेले नाही. वहिनींनी ते सांगितले. त्या रात्री उठून मुलीचा श्वास पाहतात. शाळेतून परत आलेला डबा उघडताना त्यांचा हात कापतो. लोक विचारतील म्हणून त्यांनी लग्नकार्यांना जाणे सोडले आहे. "पोरीच्या ताटाकडे बघत बसते, माझा घास हातातच राहतो," हे त्यांचे वाक्य मला सुचायला हवे होते.

सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल १८९९ साली आपल्या 'शारदा' नाटकात हे जाणत होते. पैशासाठी मुलीचा सौदा मांडणाऱ्या नवऱ्याला विरोध करणारी आणि तरीही हतबल ठरणारी इंदिराकाकू पाहा. ती मुलीला वाचवू शकत नाही, म्हणून नाटककार तिच्यावर खटला भरत नाही. तिची तळमळ आपल्यापुढे ठेवतो. कादंबरीकाराचे काम तेवढेच आहे, आणि मला ते साधले नाही. पुढच्या आवृत्तीत शेवट बदलणार आहे.

वहिनींची मुलगी आता डॉक्टरांच्या उपचाराखाली आहे. हे दुखणे जिवावर बेतू शकते, म्हणून वेळ दवडू नये. आणि वाचकहो, या दिवाळीत घरोघर ताटे फिरतील तेव्हा कोणत्याही मुलीला "किती वाळलीस!" किंवा "सुटलीस की ग!" असे म्हणू नका. म्हणायचेच असेल तर तिच्या आईला बाजूला बसवून विचारा, "तुम्ही जेवलात का?"