निवडीनंतरची गोष्ट

श्रेयस तळपदेने पडद्यावर दोन क्रिकेटपटू उभे केले. एक नागेश कुकुनूरच्या ‘इक्बाल’मधला (२००५) मूकबधिर वेगवान गोलंदाज. दुसरा जयप्रद देसाईच्या ‘कौन प्रवीण तांबे?’मधला (२०२२) मुंबईचा लेगस्पिनर. मधल्या सतरा वर्षांत आयपीएल आली आणि क्रिकेटचा सगळा बाजार बदलला. पण हे दोन सिनेमे लागोपाठ पाहा, एक सवय तशीच राहिलेली दिसेल. दोन्हीकडे निवड झाली की गोष्ट आटोपते.

‘इक्बाल’ला यासाठी फार बोल लावता येत नाही. ती परीकथा आहे आणि ती हे लपवत नाही. म्हशी राखणारा मुलगा, दारूत बुडालेला गुरू, पैशांपुढे झुकलेली अकादमी आणि शेवटी भारतीय संघाची जर्सी. ‘तांबे’ मात्र खऱ्या माणसावर आहे, म्हणून त्याच्याकडून अपेक्षा जास्त.

त्या अपेक्षेला तो बऱ्यापैकी उतरतो. त्याची ताकद त्याच्या तोचतोचपणात आहे. कांगा लीग, कंपनीची नोकरी, नोकरी जाणं, पुन्हा नवी नोकरी, पुन्हा मैदान आणि दर मोसमात रणजीची यादी, जिच्यात आपलं नाव नाही. नकार एकदाच मोठ्ठा होऊन येत नाही, हप्त्याहप्त्याने येतो. हे हिंदी सिनेमात क्वचित दिसतं. खटकतो तो परमब्रत चटर्जीने साकारलेला पत्रकार. एका माणसाला खलनायक केलं की व्यवस्थेला सूट मिळते. तांबेला कुणी एकाने अडवलं नव्हतं. दरवर्षी त्याच्याहून तरुण कुणीतरी होतं, एवढंच.

२०१३ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, एकही प्रथम श्रेणी सामना न खेळलेला तांबे राजस्थान रॉयल्सकडून मैदानात उतरला. सिनेमाचा कळस इथे आहे. पण पुढचं पाहा. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक १२ बळी. आयुष्यभर हवी असलेली रणजीची टोपी त्यानंतर मिळाली. मग कोलकात्याने घेतलं, पण परवानगी न घेता परदेशी टी-टेन लीग खेळल्यामुळे तो आयपीएलसाठी अपात्र ठरला. आणि २०२० मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये खेळणारा तो पहिला भारतीय झाला. खरा सिनेमा इथे होता की!

वर्तमानपत्रांचं खेळाचं पानही याच सवयीचं गुलाम आहे. चढताना मुलगा ‘उद्याचा सचिन’ असतो, उतरताना त्याला ‘वगळण्यात आलं’. कुणी वगळलं, कशासाठी, हे त्या कर्मणी प्रयोगात गडप होतं. पृथ्वी शॉ घ्या. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६, २०१८ मध्ये कसोटी पदार्पणातच शतक. मग ऑस्ट्रेलियात दुखावलेला घोटा, २०१९ मध्ये डोपिंगबंदी, २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये धडाकेबाज द्विशतकापाठोपाठ गुडघ्याची दुखापत, २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून बाहेर. २०२५ मध्ये ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तो महाराष्ट्राकडे आला आणि रणजीत चंदीगडविरुद्ध २२२ केल्या. आपण यातून ‘गुणवत्तेची माती’ किंवा ‘झोकात पुनरागमन’ यातलं एकच काहीतरी निवडतो. पंचविशीतल्या पोराचं आयुष्य दोन मथळ्यांत बसवायची ही घाई आहे.

आणि हे संघ म्हणजे तरी काय? एका राज्यात तीन रणजी संघ: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. पाचगणीच्या बोर्डिंग शाळेतल्या मुलाची वाट पुण्याकडे जाते. तोच मुलगा मुंबईत वाढला असता तर वेगळ्या रांगेत उभा राहिला असता. तांबेची शोकांतिका अर्धी प्रतिभेची आहे, अर्धी त्या रांगेच्या लांबीची. हे दोन्ही सिनेमे त्या रांगेकडे पाहतच नाहीत.

सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचं २०१७ आठवा. जानेवारीत ऑस्ट्रेलियात खेळताना गुडघ्याचा लिगामेंट फाटला. जूनमध्ये विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध ९०, पुढच्यात वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. दिग्दर्शकाने इथेच पडदा पाडला असता. पण त्यानंतर त्या स्पर्धेत तिचं एकही अर्धशतक नाही आणि लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात शून्य. पुनरागमन असंच असतं, उतरत्या धावांसकट.

२ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. स्मृती उपकर्णधार होती. प्रशिक्षक होता अमोल मुजुमदार, ज्याने रणजी पदार्पणात २६० केल्या, मुंबईला रणजी जिंकून दिली, पुढे आसाम आणि आंध्रकडून खेळला आणि भारताकडून एकदाही नाही. सामनावीर ठरली शफाली वर्मा: ८७ धावा, दोन बळी. मूळ संघात ती नव्हतीच. प्रतिका रावल बांगलादेशविरुद्ध जखमी झाली, म्हणून तिला बोलावलं. जल्लोषात प्रतिका व्हीलचेअरवर होती.

एकीची दुखापत ही दुसरीची संधी. हे वाक्य आपण सहज बोलतो, पण त्यातली पहिली बाजू सांगणारा सिनेमा आपल्याकडे नाही. शफालीवर सिनेमा निघेलच. मला प्रतिकावरचा पाहायचा आहे. तीनशेवर धावा करून, त्याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकून, अंतिम सामना बाहेरून पाहणारी मुलगी. ती हरलेली नाही आणि तिला कुणी वगळलेलंही नाही. तिच्यासाठी आपल्याकडे अजून शब्दच तयार नाही.