शंका कोणाच्या मालकीची?

औषधचाचण्यांचा विषय निघाला की आपण बहुधा एकच विचारतो: औषध चांगलं निघालं की वाईट? हा प्रश्नच आम्हांला अपुरा वाटतो. का, ते एका गाजलेल्या प्रकरणावरून पाहू.

कॅनडात टोरांटोच्या बालरुग्णालयात डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी थॅलेसेमियाच्या रुग्णांवर डेफेरिप्रोन या औषधाची चाचणी घेत होत्या. या आजारात वरचेवर रक्त चढवावं लागतं. त्यातून शरीरात लोह साठतं आणि हृदय, यकृत धोक्यात येतं. लोह काढणारं जुनं औषध रात्रभर पंपाने कातडीखाली सोडावं लागे. हे नवं औषध तोंडाने घ्यायचं, केवढा दिलासा! अपोटेक्स ही कंपनी मदतीला आली. करारात गोपनीयतेचं कलम होतं. डॉक्टरांनी सही केली.

पुढे काही रुग्णांत औषधाचा गुण टिकत नाही, असं त्यांना दिसलं. नीतिसमितीने सांगितलं, रुग्णांना कळवा. कंपनीला निष्कर्ष मान्य नव्हता. मे १९९६ मध्ये तिने चाचण्या थांबवल्या आणि वाच्यता केल्यास कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. ऑलिव्हिएरींनी तरीही सांगितलं. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्धही केले.

आता पुढचं पाहा. हेच औषध १९९९ मध्ये युरोपात आणि २०११ मध्ये अमेरिकेत, ठरावीक रुग्णांसाठी, मंजूर झालं. आपल्याकडे तर ते नव्वदच्या दशकातच आलं होतं. मग कुणी म्हणेल, बाई उगाच ओरडल्या! हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. औषध पुढे उपयोगी ठरलं, म्हणून त्या दिवशीचं मौन योग्य ठरलं नसतं. रुग्णाने संमती दिली ती तेव्हा ठाऊक असलेल्या गोष्टींवर. नवी शंका आली की जुनी संमती अपुरी पडते. शंका उद्या खरी ठरो वा खोटी; तिच्यावर पहिला हक्क ज्याच्या अंगात औषध जातं, त्याचा.

दिलेलं वचन पाळावं, हे खरंच. पण दुसऱ्याच्या जिवावर गप्प राहण्याचं वचन देण्याचा अधिकार डॉक्टरला असतो का? जे आपलं नाही, ते गहाण कसं टाकणार? म्हणून दोष नुसता कंपनीला देऊन भागत नाही. ती सही व्हायलाच नको होती. आणि संस्था? प्राध्यापकांच्या संघटनेने नेमलेल्या चौकशी समितीने २००१ मध्ये स्पष्ट म्हटलं की रुग्णालय आणि विद्यापीठ यांनी डॉक्टरांना परिणामकारक आधार दिला नाही. विद्यापीठाची त्याच कंपनीशी मोठ्या देणगीची बोलणी चालू होती. उभा जन्म विद्यापीठात काढलेल्या आम्हांला हे जास्त बोचतं.

सहकार्य बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. डॉक्टरांशिवाय चाचणी नाही, पैशाशिवायही नाही. पण उद्या तुमच्यापुढे संमतीपत्र आलं, तर सहीआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: "तुम्हांला शंका आली, तर मला सांगायची मोकळीक आहे ना?"